सातवी पात

पात पहिली

जगदेवभाऊंचा फोन आला तेव्हा शीला परातीतली तूरडाळ निवडत होती. परवाच्या तेराव्याला तेवढी लागणार होती. फोन तिच्या नवऱ्यानं, वीरेंद्रनं घेतला आणि तिच्या कानाला लावला.

"शीलाबाई, वावरात एक पात उभी हाये."

"कोणती पात, भाऊ?"

"आता मी काय सांगू कोणती? नाल्याकडच्या तुकड्यात. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, जशी रेघ ओढली. आजूबाजूचं सारं सोंगलेलं अन् मधात हे. मी आठ दिवस वाशीमले होतो, आज येऊन पाहतो तं हे असं. उद्या नऊ वाजता थ्रेशर येऊन राह्यलं. शेंगा तडकून राह्यल्या, बाई. तुमच्या टोळीकडून असं कधी झालं नाई."

"सकाळी येतो आमी," शीला म्हणाली.

कोणती, असं तिनं विचारलं खरं. विचारताना तिला माहीत होतं. सातवी.

टोळीत तेरा बाया. प्रत्येकीची पात ठरलेली, म्हणजे सोयाबीनच्या चार ओळींचा पट्टा. कोणाच्या शेजारी कोण, हेही वर्षानुवर्षं ठरलेलं. पहिली पात मुकादमीणबाईची. ती वाकली की सगळ्या वाकतात. ती पलीकडच्या बांधाला, धुऱ्याला, पोचेपर्यंत कोणी कंबर सरळ करत नाही. आणि पहिली पात मागं वळून पाहत नाही. हा नियम शीलाच्या सासूनं, कमलीबाईनं घालून दिला आणि नऊ वर्षांपूर्वी इळ्यासोबत शीलाच्या हातात दिला.

सातवी पात ललिताची. शीलाची धाकटी जाऊ. अकरा दिवसांपूर्वी धनजकडच्या एका वावरात तिला पान लागलं. तांड्यात सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. जीप कारंजाला पोचायच्या आत शीलाच्या हातातला तिचा हात पाण्यातल्या दगडासारखा गार झाला होता.

तिसऱ्या दिवशी शीला टोळी घेऊन जगदेवभाऊंच्या नाल्याकडच्या तुकड्यात गेली. एका फेऱ्याचंच काम होतं. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं, शेंगा ओल्या झाल्या आणि टोळी आजपर्यंत घरीच होती.

शीलानं डाळीत पुन्हा बोटं घातली. परातीत पिवळं पिवळं काहीतरी हलत होतं, वाऱ्यावर हलावं तसं. तिनं हात बाहेर काढला.


पात दुसरी

दुसरी पात रुखमाबाईची. घरची नाही, पण घरच्यांपेक्षा जास्त घरात असलेली. गेली छत्तीस वर्षं ती कामावर एकच गोष्ट पाहत आली आहे, पुढच्या बाईची पाठ. आधी कमलीबाईची, आता शीलाची. पाठीवरून तिला सगळं कळतं. तहान लागली, रात्री भांडण झालं, पोराला ताप आहे. पाठ बोलते.

त्या तिसऱ्या दिवशी शीलाची पाठ काही बोलली नव्हती. भिंत होती ती. भिंतीच्या मागं बाकीच्या चालत गेल्या.

आता सगळे बबलूच्या दारापुढच्या टिनाच्या सावलीत बसले होते. बबलू, ललिताचा नवरा, खांबाला टेकून. कमलीबाई खाटेवर. बबलूची पोरगी ज्योत्स्ना भांड्यांपाशी, घासलेली भांडी पुन्हा घासत.

"बारा बाया होत्या तुमी," बबलू म्हणाला. "चोवीस डोळे. कोणालेच दिसलं नाई?"

"दिसन कसं?" रुखमाबाई म्हणाली. "आपली पात पाहाव का दुसऱ्याची?"

"दुसऱ्याची नव्हती ते. माह्या बायकोची होती."

टिनावर एक कावळा चालला. त्याची नखं आतून ऐकू आली.

बबलू शीलाकडे वळला. "भाबी, एक इचारू? तिसऱ्या दिवशी तू इळा घेऊन निंगाली. इथं दिवा जळून राह्यला होता. मी दारात बसलो होतो, तू माह्यासमोरून गेली. डोळ्यात पाणी नाई. रातच्या भाजीची गोठ करत गेली. मले वाटलं, जाऊ मेली हिची का बकरी?"

"बबलू!" वीरेंद्र म्हणाला.

"राहू द्या," शीला म्हणाली. भाजीची गोष्ट तिलाही आठवत होती. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून ती वांग्यांविषयी बोलली होती.

कमलीबाई खाटेवर ताठ झाली. "मुकादमीण हाये ते. तिनं बसून कसं चालन? ते बसली का टोळी बसली. मदन गेला तवा मी काय केलं?"

मदनसिंग, तिचा थोरला. अकरा वर्षांचा होता, तापानं गेला. पुढचं तांड्यातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. तिसऱ्या दिवशी कमलीबाई पातीवर. ज्वारीची कापणी. डाव्या हाताच्या करंगळीचं पेर इळ्यानं गेलं, तरी बाई थांबली नाही.

"याडीनं बोट गेलं तरी मागं नाई पाह्यलं," वीरेंद्र म्हणाला. आईविषयीचं, याडीविषयीचं, हे वाक्य तो लहानपणापासून याच सुरात म्हणत आला होता.

रुखमाबाईनं तोंड उघडलं, मग पदर ओठांवर धरला.


पात आठवी

आठवी ज्योत्स्नाची. मायच्या शेजारची. दोन वर्षांपूर्वी बारावी झाली आणि ती टोळीत आली. माय म्हणाली होती, माह्या बाजूची पात घे, चुकली तं मी हाये.

माय नेहमी हातभर पुढं असायची. ज्योत्स्नाला तिचा पाय दिसायचा, टाचेची भेग, चांदीचं जोडवं. शेंगांचा आवाज यायचा, सुकलेल्या शेंगांचा, खुळखुळ, खुळखुळ. माय म्हणायची, ऐक, वावर पायात वाळे घालून राह्यलं.

त्या दिवशी ज्योत्स्ना आपल्या जागी जाऊन उभी राहिली आणि डाव्या हाताला चार ओळी सोडल्या. अंथरुणावर झोपताना सोडावी तशी जागा. तिच्या पलीकडे सहाव्या पातीवाल्या बाईनंही उजवीकडे सोडली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. वाकल्या आणि निघाल्या. दोघींच्या मधून खुळखुळ चालत राहिली. ज्योत्स्नाला ती ऐकायला बरं वाटत होतं. टाच दिसत नव्हती, पण पिवळ्या पानांत ती कुठंतरी पुढंच असणार, हातभर.

"मी पाह्यली होती," ज्योत्स्ना म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. तिच्या हातातल्या गंजाला, घासायच्या पातेल्याला, राख लागलेली होती.

"काय पाह्यली होती?"

"मायची पात. उभी. जातानीबी अन् येतानीबी."

"मंग काहून नाई बोलली, माय?" बबलूचा आवाज एकदम खाली आला.

ज्योत्स्नानं शीलाकडे, तिच्या मोठ्या याडीकडे, पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. असती तर शीलाला बरं वाटलं असतं.

"मोठी याडीनं मागं पाह्यलं नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, नसन पाहायचं."


पात सातवी

उभी.

नाल्याकडून वारा येतो तेव्हा आधी टोक वाकतं, मग मधला भाग, मग हे टोक. जणू कोणी आतून चालत येतं. दोन्ही बाजूला कापलेले बुडखे. वरून पाहणाऱ्या घारीला तो रस्ता वाटत असेल.


धुऱ्यावरून

कमलीबाईला आता पात नाही. गुडघे गेले तेव्हापासून ती धुऱ्यावरची. धुऱ्यावरून सगळं दिसतं आणि काही करता येत नाही.

"उद्या जाईन कोण?" तिनं विचारलं.

"कोणीच नाई," बबलू म्हणाला. "तिथं कोणी हात घालायचा नाई. पेटवून द्या म्हणा."

"लोकाचं पीक पेटवतं का, येड्या?"

"मी ट्रॅक्टर फिरवतो त्याच्यावरून," वीरेंद्र म्हणाला. "भाऊले सांगून देतो, चुकून गेलं."

"चुकून!" कमलीबाई हसली. "तोंड दाखवाले जागा राहीन? आयका. बाया भेल्या हायेत. त्याइले कोणी सांगा का न सांगा, त्या जागेत जनावर बसलं असंच वाटते त्याइले. एकदा वाटलं का मंग साऱ्याच वावरात वाटते. उद्या ते पात कापली नाई, तं परवा दुसऱ्या वावरात कोणी वाकणार नाई. कामरगावचा मुकादम टपून बसला, एकेकीले घेऊन जाईन." ती शीलाकडे वळली. "तू एकटी जा. पहिली पात हाये तुही. चार ओळी, घंट्याभराचं काम. खाली मान घालाची, थांबाचं नाई. त्याइनं तुले पाहाव का तू भेत नाई. बस. अन् होत नसन तं आत्ताच सांग. इळा ठेव इथं, पहिली पात मी रुखमाले देतो."

"याडी म्हणते ते बराबर हाये," वीरेंद्र म्हणाला, पण त्यानं शीलाकडे पाहिलं नाही.

"मी नाई घेत पहिली," रुखमाबाई म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

शीला परात बाजूला ठेवून उठली आणि सासूच्या खाटेपाशी खाली बसली. इळा ठेवायला आली असं सगळ्यांना वाटलं. तिनं कमलीबाईचा डावा हात धरला, करंगळीचा.

"याडी, त्या दिवशी ज्वारीत तुमी काय पाह्यलं?"

"काय पाहाचं? ज्वारी."

"बोट गेलं तवा?"

"थांबली नाई मी."

"ते माईत हाये साऱ्याइले. तुमाले काय आठवते, ते सांगा."

कमलीबाईनं हात सोडवून घेतला. करंगळीच्या गुळगुळीत टोकावरून अंगठा फिरवला, छत्तीस वर्षं फिरवते तसा. दुपारचं ऊन टिनाच्या भोकांतून खाटेवर पडलं होतं, कवडशांचं एक झाड तिच्या मांडीवर हलत होतं. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. उंच ज्वारी. डोक्यावरून जाणारी कणसं. त्यांच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही.

"मले आठवत नाई," ती म्हणाली.

"काय नाई आठवत?"

"काईच नाई. घरून निंगाली ते आठवते. मंग धुरा आला. रुखमानं माहा हात धरला. म्हणे, बाई, बोट कुठं हाये? मी म्हटलं, कोणाचं?"

वीरेंद्रनं मान वर केली. तांड्याच्या गोष्टीत हे कुठंच नव्हतं.

"मी थांबली नाई म्हणता तुमी," कमलीबाई म्हणाली. "थांबाले मी होतीच कुठं तिथं."

मग रुखमाबाई बोलली. खूप हळू, जणू दुसऱ्या कोणाचं सांगत होती.

"दुसऱ्या वर्षी माही पोट्टी गेली. सात महिन्यांची. तिसऱ्या दिवशी मीबी आली. दूध आटलं नव्हतं. पोलकं ओलं झालं होतं, ज्वारीचा कोंडा चिकटून राह्यला होता. मी तुह्या पाठीकडं पाह्यलं, कमली. म्हटलं, ईचा एवढा पोरगा गेला, हे रडली नाई. मी कोणत्या तोंडानं रडू?" तिनं पदर सारखा केला. "मंग नाई रडली. आज रडीन, उद्या रडीन. पस्तीस वर्षं झाले. आता येतच नाई वं."

ज्योत्स्नाच्या हातातून गंज निसटला, गोल फिरत गेला आणि बबलूच्या पायाशी थांबला. त्यानं तो उचलून दिला.

शीला उठली. इळा तिनं ठेवला नाही.

"साऱ्याइले निरोप द्या," ती वीरेंद्रला म्हणाली. "सकाळी साऱ्याच जाऊ. याडी, तुमीबी चला."


पात पहिली, पुन्हा

सकाळी धुकं होतं. नाल्यावरून उठलेलं, कमरेएवढं. बाया ट्रॉलीतून उतरल्या तेव्हा पाय दिसत नव्हते, नुसती धडं तरंगत होती, आणि वावराच्या मधोमध ती पात, दवानं काळपट, एखाद्या लांब होडीसारखी.

कमलीबाईला वीरेंद्रनं धुऱ्यावर पोत्यावर बसवलं. रुखमाबाई तिच्यापाशी उभी राहिली. बबलू शेवटी उतरला. तो येणार नव्हता. त्याच्या हातात टेंभुर्णीची काठी होती.

शीला पातीच्या तोंडाशी गेली. एक पाऊल पुढं टाकलं. वाकली. डाव्या हातानं बुडखा धरायचा, उजव्यानं इळा. डावा हात पुढं गेला आणि पानांच्या वर थांबला. तिला तो हात दुसऱ्याचा वाटला. मनगटावर हिरव्या बांगड्या, ललिताच्या होत्या तशा.

मागं दहा बाया वाकायच्या तयारीत. कोणी वाकत नव्हतं. सगळ्या तिच्या पाठीकडे पाहत होत्या.

आता खाली मान घातली असती तर झालं असतं. तिला येत होतं ते. पाठीची भिंत करणं सोपं असतं, आत कोणी नसलं की झालं.

शीलानं कंबर सरळ केली. धुरा दीडशे पावलं पुढं असताना. आणि ती मागं वळली.

बायांमधून एक हलकासा आवाज गेला. कमलीबाईनं धुऱ्यावरून मान उंचावली.

"मले भेव वाटते," शीला म्हणाली. "आइका, साऱ्या जणी. हात पुढं जात नाई माहा. अन् एक सांगतो. मी त्या दिवशी पाह्यलं होतं. मागं नाई पाह्यलं, पण धुऱ्यावर पोचली तवा तिरप्या नजरेनं दिसलं. पात उभी होती. मले माईत होतं ते कोणाची. बोलली असती तं कोणाले तरी कापाले लावा लागलं असतं. मी ट्रॉलीत पाठ करून बसली." तिचा आवाज फाटला. तिनं तो लपवला नाही. "तुमाले वाटलं असन ईले काई होत नाई. मले लय होऊन राह्यलं, बाया. जेवण जात नाई. परातीत हात घालाचंबी भेव वाटते."

मग सहाव्या पातीवाली बाई, जी कधी बोलत नाही, म्हणाली, "मीबी चुलीत लाकूड घालतो तं आधी पाहून घेतो." मागून कोणीतरी म्हणालं, "मी तं सुतळी पाहून किंचाळली परवा. माहा बुढा पाटावरून पडला." एक हसू आलं, वेडंवाकडं, आणि त्या हसण्यातच दोघी-तिघी रडायला लागल्या.

शीला खाली बसली. तिथंच, कापलेल्या बुडख्यांवर, पातीच्या तोंडाशी. इळा बाजूला ठेवला. "मले थोडं बसू द्या," ती म्हणाली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. आवाज करून रडली, लहान पोरासारखी, नाक ओढत. ज्योत्स्ना आली आणि तिच्या बाजूला बसली. मग तिच्या मांडीवर कलली. बारा दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'माय' हा शब्द मोठ्यानं निघाला.

बाया एकेक करून बसल्या. पाण्याची कळशी फिरली. धुकं त्यांच्या खांद्यांपर्यंत आलं.

बबलू थोडा वेळ उभा राहिला. मग तो पातीच्या कडेनं चालायला लागला, काठीनं जमीन ठोकत. ठक. ठक. "मी पुढं ठोकत जातो, भाबी," तो मागं न पाहता म्हणाला. मग थांबला आणि मागं पाहिलं. "मंग तुमी या. दहा पावलं झाले का थांबू."

"दहा पावलं," शीला म्हणाली. नाक पुसून उठली. "अन् साऱ्याइनं मिळून. ही कोणा एकीची पात नाई आज. ज्योत्स्ना, तू कापू नोको, शेंगा उचल. ज्या बाईले होत नसन तिनं बसाव. कोणी काई म्हणणार नाई."

दहा पावलं. थांबल्या. पाठ सरळ केली, पाणी प्यायल्या, कोणीतरी ललिताच्या एका जुन्या खोडीची आठवण काढली, ती मिरचीच्या ठेच्यात गूळ घालायची त्याची. पुन्हा दहा पावलं. ठक, ठक. खुळखुळ. धुकं पांगत गेलं आणि पाय परत आले, सगळ्यांचे. काही नव्हतं पातीत. एक बेडूक निघाला. एक चांदीचं काहीतरी चमकलं म्हणून सगळ्या थबकल्या, तर बिस्किटाचा कागद होता.

पात अर्धी झाली तेव्हा रस्त्यावर थ्रेशर आलं. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. जगदेवभाऊ मोटारसायकलवरून उतरले आणि बसलेल्या बायांकडे पाहत राहिले. "आटपलं नाई अजून?"

शीलानं हात वर केला. "थांबा उलसं, भाऊ. बसलो आमी."

धुऱ्यावर पोत्यावर कमलीबाई हे सगळं पाहत होती. या वावरात तिनं किती फेरे केले असतील. टोळी मधेच बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती. काही पडलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. बाया बसल्या होत्या आणि उठत होत्या.

तिनं शेजारी उभ्या असलेल्या रुखमाबाईचा पदर ओढला. "बस."

"राहू दे वं."

"बस म्हणतो ना."

रुखमाबाई पोत्याच्या टोकावर बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. खाली टोळी पुन्हा उठली होती. ठक, ठक, बबलूची काठी.

"रंगू," कमलीबाई म्हणाली.

रुखमाबाई हलली नाही.

"रंगू होतं ना तुह्या पोट्टीचं नाव? गालावर तीळ होता. इथं." कमलीबाईनं आपलं तुटकं बोट आपल्याच गालाला लावलं. "मी पाह्यलं होतं तुहं पोलकं त्या दिवशी. मागं पाह्यलं होतं मी, रुखमा. मंग पुढं पाह्यलं."

खाली वावरात शीला दहाव्या पावलावर थांबली. सवयीनं तिनं मागं पाहिलं, आजच लागलेल्या सवयीनं. धुऱ्यावर रुखमाबाई कमलीबाईच्या खांद्यावर डोकं टेकून होती, आणि तिची पाठ हलत होती.

शीलानं इळा खाली ठेवला. सगळ्या बसल्या.